कान गेला म्हणजे काय गेले?

कान हा अवयव मराठी भाषेने फार राबवून घेतला आहे. चूक झाली की आपण कान धरतो, ती पुन्हा होऊ नये म्हणून कानाला खडा लावतो. वडीलमाणसे कान उपटतात, चहाडखोर कान भरतात, आणि भिंतीलाही कान असतात म्हणून आपण हळू बोलतो. एवढा व्यवहार ज्याच्या नावावर चालतो, तो बाहेरून दिसणारा कान मात्र आपण आरशात रोज पाहूनही पाहत नाही. तो जाईपर्यंत त्याची आठवण होत नाही. आम्हांलाही झाली नव्हती.

आम्ही कामगार संघटनेचे कार्यकर्ते. डॉक्टर नव्हे, आणि पदवीधरही नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि इस्पितळांच्या बाकांवर बसून. तेव्हा येथे जे सांगणार आहोत ते विचारून, वाचून आणि डोळ्यांनी पाहून जेवढे समजले तेवढेच.

आमच्या भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. तेथे पत्रा कापला जातो, प्रेसवर त्याला आकार येतो, आणि शेवटी बफिंगच्या फिरत्या चाकावर चकाकी चढते. या कामात बोटे जातात. गेली पंचवीस वर्षे आम्ही बोटे मोजीत आलो आहोत. कोणत्या बोटाला काय मिळते हे आम्हांला पाढ्यासारखे पाठ आहे. पण २०१८ सालच्या थंडीत आमच्या एका पॉलिशवाल्या सभासदाच्या मफलरचे टोक चाकाच्या दांड्यात गुंडाळले गेले. शेजाऱ्याने बटण बंद केले म्हणून जीव वाचला. डावा कान मात्र गेला, आणि जोडण्याजोगाही उरला नाही.

दोन महिन्यांनी जखम भरली आणि तो कामावर आला. आम्ही भरपाईची गोष्ट काढली, तेव्हा मालकांनी विचारले, “त्याला काम करता येतं ना? ऐकू येतं ना? मग गेलं काय?” हे गृहस्थ दुष्ट नव्हते. इस्पितळाचे पहिले बिल त्यांनी न मागता भरले होते. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्यापाशी त्याला उत्तर नव्हते. ते शोधताना जे हाती आले, ते आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम बाहेरचा कान करतो काय, ते पाहू. ऐकण्याचे मुख्य यंत्र कवटीच्या हाडात, आत असते. बाहेरचा कान म्हणजे कातडीने मढवलेली कूर्चा; तिच्यात हाड नाही. परंतु तिच्यावरच्या वळ्या आणि खळगे शोभेसाठी नाहीत. आवाज त्यांवर आपटून, किंचित बदलून आत जातो, आणि त्या बदलावरून तो पुढून आला की मागून, वरून आला की खालून, हे मेंदू ओळखतो. माणसाच्या बोलण्यातील स, श, त, क यांसारख्या बारीक आवाजांना या द्रोणामुळे थोडा जोरही मिळतो. म्हणून बाहेरचा कान गेला तर माणूस बहिरा होत नाही; पण गर्दीत कोणी हाक मारली तर भलतीकडे पाहतो, आणि मागून येणारी मोटार त्याला उशिरा कळते.

दुसरे काम त्याहून साधे. कान ही चेहऱ्याची खुंटी आहे. चष्म्याची काडी तेथे टेकते. २०२० साली करोनाच्या साथीत सगळ्या देशाला तोंडावर मास्क बांधावा लागला तेव्हा आमच्या या सभासदाचा मास्क एका बाजूने लोंबू लागला. अखेर त्याच्या बायकोने नाड्या शिवून तो डोक्यामागे बांधून दिला. स्त्रियांच्या बाबतीत कुडी, बुगडी, वेल यांचा प्रश्न आहेच. आणि तो केवळ हौसेचा नाही हे आपल्या घरातील स्त्रियांना विचारावे.

तिसरे काम कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही. कान दोन आहेत आणि सारखे आहेत, म्हणून आपले त्यांच्याकडे लक्ष जात नाही. एक नसला की पाहणाऱ्याची नजर तेथेच जाते, आणि ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला ती नजर कळते. आमचा हा माणसांतला माणूस, गेटसभेत घोषणा देणारा. तो सभेत मागे, भिंतीकडे डावी बाजू करून बसू लागला. लोकलमध्ये डावी बाजू खिडकीला लागेल अशीच जागा धरी, नाहीतर उभा राही. मे महिन्याच्या उकाड्यात डोक्याला पंचा गुंडाळी. भाचीच्या लग्नाला गेला नाही. फोटो काढतात म्हणून. केस कापायला न्हाव्याकडे जाणे त्याने सोडले, घरीच कसेबसे कापून घेई. एकदा आम्ही रागावलो तेव्हा म्हणाला, “भाऊ, दुखत काही नाही. पण माणसं बोलताना माझ्या तोंडाकडं बघत नाहीत.”

आम्ही त्याला घेऊन हिंडू लागलो, आणि एका डॉक्टरांनी आम्हांला दातांच्या इस्पितळात जायला सांगितले. आम्ही चकित झालो. कानासाठी दातांच्या डॉक्टरकडे? पण त्यात विनोद नाही. कवळी बसविणारे जे शास्त्र आहे त्याचीच एक शाखा जबडा, टाळू, नाक, डोळा आणि कान यांच्या कृत्रिम प्रतिकृती बनविते. ठसा घेणे, मेणात आकार कोरणे, साचा करणे, रंग जुळविणे ही कवळीचीच कामे. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत महाविद्यालय येथे कृत्रिम दंतशास्त्राचे विभाग आहेत. आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ज्यांच्या चेहऱ्याचा भाग काढावा लागतो त्यांच्यासाठी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातही हे काम चालते. आमच्या सभासदाचे काम मुंबईतील अशाच एका ठिकाणी झाले.

तेथल्या बाकावर बसून वाट पाहताना या विद्येचा मागचा इतिहास आम्ही वाचून काढला. आपल्या देशात तो फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कान टोचण्याचा आणि फाटलेली पाळ जोडण्याचा आहे. जोडण्याचे पंधरा प्रकार तेथे दिले आहेत, आणि पाळ मुळातच नसेल तर गालाची कातडी वळवून ती करावी असेही सांगितले आहे. पुढे ही विद्या ग्रंथांतून हातांत उतरली. १७९२ साली टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा बैलगाडीवाला टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळच्या एका वीट भाजणाऱ्या जातीच्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापली गेली, ती वाचून तेथील कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने १८१४ साली तसेच नाक करून पाहिले, आणि युरोपात या विद्येने पुन्हा मूळ धरले. त्या कारागिराचे नाव कोणी छापले नाही, याचे आम्हां कामगारांना नवल वाटत नाही. पण कावसजीला कंपनी सरकारने निवृत्तिवेतन दिले, ही गोष्ट मात्र आम्ही वहीत लिहून ठेवली.

चेहऱ्याला बाहेरून अवयव लावण्याची कल्पनाही जुनी आहे. सोळाव्या शतकात आंब्रुआज पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने कृत्रिम कान व नाक यांची वर्णने लिहून ठेवली. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या शिपायांसाठी लंडन आणि पॅरिस येथे शिल्पकारांनी तांब्याच्या पातळ पत्र्याचे मुखवटे केले व त्यांवर कातडीचा रंग चढविला. ते दिसत बरे, पण हलत नसत. १९६० च्या सुमारास सिलिकोन नावाचा रबरासारखा मऊ पदार्थ या कामात आला आणि कृत्रिम कातडी दाबली तर दबू लागली.

राहिला प्रश्न तो कान डोक्याला धरून ठेवण्याचा. त्याचे उत्तर स्वीडनमध्ये अपघातानेच सापडले. १९५२ साली ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडात टिटॅनियम धातूची बारीक नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला घट्ट धरून बसले होते. १९६५ मध्ये या धातूच्या स्क्रूवर त्यांनी माणसाला दात बसविले, आणि १९७९ मध्ये त्याच तत्त्वावर गोथेनबर्ग येथे पहिला कृत्रिम कान बसला.

आज ज्याचा कान नाही त्याच्यापुढे तीन मार्ग असतात. पहिला, आपल्याच बरगडीची कूर्चा काढून, तिला कानाचा आकार कोरून, कातडीखाली बसविणे. अमेरिकेतील टॅन्झर यांनी १९५९ साली ही पद्धत नीट मांडली. असा कान आपल्या रक्तामांसाचा असतो, वाढत्या वयात सोबत करतो, काढून ठेवावा लागत नाही. मात्र एकाहून अधिक शस्त्रक्रिया लागतात, कातडी निरोगी असावी लागते, आणि घडविणारा हात अतिशय कुशल असावा लागतो. दुसरा मार्ग, सिलिकोनचा कान डिंकासारख्या औषधी चिकटद्रव्याने रोज चिकटविणे. यात शस्त्रक्रिया नाही, पण आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत घामाने तो सुटण्याची धास्ती राहते. तिसरा, कानामागच्या हाडात टिटॅनियमचे दोन-तीन स्क्रू बसवून, हाडाने ते धरेपर्यंत काही महिने थांबून, मग लोहचुंबकाने किंवा दांडी व क्लिपने कान अडकविणे. आमच्या माणसाची जखमेची कातडी आक्रसलेली होती, म्हणून डॉक्टरांनी तिसरा मार्ग सांगितला.

मग आम्ही कान घडताना पाहिला. आधी गेलेल्या जागेचा ठसा घेतला, मग उजव्या कानाचा. उजव्यावरून डावा मेणात कोरावयाचा, म्हणजे आरशातली नक्कल हाताने करावयाची. हल्ली संगणकाने उजव्या कानाचे उलटे चित्र काढून तो यंत्रावर छापताही येतो. तरी शेवटचा हात माणसाचाच फिरतो. मेणाचा कान डोक्याला लावून समोरून, बाजूने, मागून पाहिला. दोन्ही पाळ्या एका रेषेत आहेत का, कान डोक्यापासून तेवढाच सुटला आहे का, हे तपासले. मग त्या मेणाचा साचा. शेवटी रंग. आमच्या माणसाला खिडकीशी उजेडात बसवून तंत्रज्ञ बाई सिलिकोनमध्ये रंगाचे थेंब मिसळीत आणि त्याच्या गालाशी धरून पाहत. कानाची कड तांबूस, आतला खळगा सावळा, पाळ थोडी फिकट. एका कानात इतके रंग असतात हे आम्ही तेव्हा प्रथम पाहिले. आपल्याकडे सोनारानेच कान टोचावे म्हणतात. कान घडवायलाही सोनाराचीच नजर लागते.

२०२२ साली कान बसला. आम्ही समजत होतो की आता लोक नवल करतील. तसे काहीच घडले नाही, आणि गंमत म्हणजे तेच यश होते. लोकलमध्ये कोणी पाहिले नाही. चहावाल्याने नेहमीसारखा चहा दिला. चौथ्या दिवशी तो न्हाव्याच्या दुकानात गेला, आणि कान हळूच काढून समोरच्या फळीवर ठेवून म्हणाला, “हा सांभाळा, बाकीचं कापा.” न्हावी हसला, तोही हसला. तीन वर्षे जो माणूस आरशासमोर बसला नव्हता, तो अर्धा तास बसला. पुढच्या सभेत तो पहिल्या रांगेत होता.

अशा रुग्णांची पाहणी करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखांतूनही हेच चित्र दिसते. कान लाभल्यावर बहुतेक माणसे चारचौघांत अधिक मिसळतात, केस लहान ठेवतात, स्वतःबद्दल कमी संकोचतात. परंतु त्यांच्या तक्रारीही तेथे आहेत, आणि त्या लपविणे अप्रामाणिकपणा होईल. कान रात्री काढावा लागतो. स्क्रूभोवतीची कातडी रोज स्वच्छ करावी लागते, नाहीतर ती सुजते. आत श्रवणाचा दोष असेल तर या कानाने तो जात नाही. आणि साधारण दीड-दोन वर्षांत उन्हाने, घामाने, तेलकट हातांनी त्याचा रंग उतरतो, कडा फाटतात. मग नवा करावा लागतो. शिवाय काही माणसे कान करून घेतात आणि डबीतच ठेवतात. उघड्या जागेनिशी वावरण्याची त्यांना सवय झालेली असते. तो त्यांचा अधिकार आहे. कान माणसासाठी आहे. शेजाऱ्यांना बरे दिसावे म्हणून तो कोणावर लादण्याची वस्तू नव्हे.

जन्मतःच कान नसलेल्या मुलांचे दुःख वेगळे. सुमारे सहा ते आठ हजार जन्मांत एका मुलाचा कान अपुरा घडलेला असतो. बहुधा एकच, आणि बहुधा उजवा. अशा मुलाच्या आईला आपल्या समाजात प्रथम काय विचारतात? “ग्रहणात काही चिरलंस का?” आम्ही येथे स्पष्ट सांगतो: ग्रहणाचा आणि सुरीचा याच्याशी काही संबंध नाही. बाहेरचा कान गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांत घडतो, तेथे कोठेतरी अडते, आणि बहुतेक वेळा कारण सापडत नाही. मातेचा यात अपराध नाही. करावयाचे ते हे की मुलाची ऐकण्याची तपासणी पहिल्या काही महिन्यांतच करून घ्यावी. दोन्ही कान तसे असतील तर हाडातून आवाज पोचविणारे यंत्र डोक्याच्या पट्ट्यावर लावता येते, आणि त्यामुळे मूल वेळेवर बोलायला शिकते. आकाराची घाई नको. बरगडीचा कान सहा ते दहा वर्षांच्या सुमारास होऊ शकतो, आणि हाडात स्क्रू बसविण्यापूर्वी त्या मार्गाचा विचार आधी करावा, कारण स्क्रूसाठी कातडी कापली की तो मार्ग अवघड होतो. शाळेत चिडवणाऱ्या मुलांचे कान मात्र आजच उपटावेत.

आता मालकांच्या प्रश्नाकडे वळू. १९२३ सालच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक यादी जोडलेली होती. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे ती मानी. तर्जनी गेली तर १४, करंगळी गेली तर ७. दोन्ही कानांनी पूर्ण बहिरेपण आले तर १००. या यादीत बाहेरचा कान नाही. यादीत नसलेल्या इजेसाठी डॉक्टरांनी कमाईची शक्ती किती गेली ते ठरवावयाचे. आणि पॉलिशवाला तर पुन्हा पॉलिश करीत होता! अपंगांच्या हक्कांसाठी २०१६ साली झालेल्या कायद्यातही श्रवणदोष मोजतात तो दोन्ही कानांचा. म्हणजे एक कान गेलेला माणूस सगळ्या चाळण्यांतून खाली पडतो.

परंतु त्याच जुन्या यादीत एक ओळ होती, ती आम्हांला फार मोलाची वाटते. चेहरा अत्यंत विद्रूप झाला तर नुकसान १०० टक्के. हातपाय, डोळे शाबूत असले तरी! म्हणजे माणूस केवळ हाताने कमावत नाही, चेहऱ्यानेही चारचौघांत उभा राहतो, हे कायद्याने मान्य केले होते. एक कान जाणे म्हणजे १०० टक्के विद्रूपता, असे आम्ही म्हणत नाही. पण तत्त्व मान्य असेल तर ते शून्यही नव्हे. शिवाय कामावरील इजेच्या औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यावा ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने झाली. त्या कायद्याची जागा आता २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. आमची मागणी नवीन लाभाची नाही. कृत्रिम पाय हा जर उपचार, तर कृत्रिम कानही उपचारच. आणि पायाची दुरुस्ती जशी उपचारात धरतात, तसा दोन वर्षांनी करावा लागणारा नवा कानही धरावा. कर्मचारी राज्य विमा योजनेत कृत्रिम हातपाय देतात. ज्या गाळ्यांत दहा किंवा अधिक माणसे असूनही हजेरीपटावर कमी दाखविली जातात, तेथील माणूस या सोयीलाही मुकतो.

आमच्या सभासदाचा पहिला कान २०२४ साली उतरला. दुसऱ्याच्या खर्चाला मालकांनी पुन्हा तोच प्रश्न केला. या वेळी आम्ही वाद घातला नाही. आम्ही म्हटले, “शेट, तुम्ही आजचा दिवस डाव्या कानावर पट्टी बांधून बाजारात जाऊन या. संध्याकाळी बोलू.” ते गेले नाहीत. पण निम्मा खर्च त्यांनी दिला. उरलेला सभासदांनी वर्गणीने जमविला. निम्म्यावर आम्ही समाधानी नाही, हे येथे नमूद करतो.

श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी, चाळीत किंवा कारखान्यात असा माणूस असेल, तर त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. एक, यावर उपाय आहे, आणि तो दातांच्या सरकारी व महानगरपालिकेच्या इस्पितळांतही विचारता येतो. दुसरी, आधी हे विचारावे की कान किती दिवस टिकेल, साफ कसा ठेवायचा, आणि दुसरा कधी लागेल. म्हणजे पुढे निराशा होत नाही. आणि त्याच्याशी बोलताना आपण स्वतः त्याच्या डोळ्यांकडे पाहून बोलावे. त्याला खर्च नाही, आणि त्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.